तुम्ही नको म्हणाला होतात

बाबा,

तुमच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता सांगायची पाळी माझी, एवढाच तो विचार होता. बारा वर्षं झाली, हे मी कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. लोकांनी मला तुमच्या उशाशी बसलेली बघितली, रिपोर्टांची पिशवी घेऊन सदाशिव पेठ ते वाघोली खेपा घालताना बघितली आणि लेक असावी तर अशी, असं म्हणून ते मोकळे झाले. मी कोणालाच दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायची सवय तुमची होती.

तुमची कावीळ पहिल्यांदा मलाच दिसली. मी नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी आले होते, तुम्ही दार उघडलंत आणि जिन्याच्या खिडकीतून आलेल्या उन्हात तुमच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा डाग पडल्यासारखा दिसला. हातात ती लाकडी फूटपट्टी होती, फळ्यावर रेघा मारायची, निवृत्त होताना शाळेतून घरी आणलेली. तिने तुम्ही पाठ खाजवत होतात. "खाज कधीपासून आहे?" मी विचारलं. "आठ-दहा दिवस असेल. पुरळ नाही, काही नाही. साबण बदलून बघितला." लघवीचा रंग विचारला तर म्हणालात, "हे आता मुलींनी विचारायचं का?" मग मी स्वयंपाकघरात गेल्यावर बाहेरूनच म्हणालात, "चहासारखी होते. बिनदुधाच्या." तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू उसाचा रस घेऊन वर आल्या. मांजरी गावात कोणी एक जण कावीळ उतरवतो, हातांना काहीतरी चोळतो आणि चुन्याच्या पाण्यात हात बुडवले की पाणी पिवळंधमक होतं, असं त्यांनी मोठ्या काळजीने सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हणजे पाणी पिवळं होतं. आणि मी?" काकू रस टेबलावर ठेवून निमूट खाली गेल्या.

सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. तुम्हाला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील त्या. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी यकृत काढलं, त्यातून उतरणारी पित्ताची नळी काढली आणि खाली स्वादुपिंड. "इथे गाठ आहे. ती नळीला बाहेरून आवळतेय. पित्ताला आतड्यात उतरायला वाट नाही, म्हणून ते रक्तात चाललंय. काकांची खाज त्याचीच." मग त्यांनी यकृतावर पेनाने तीन-चार ठिपके दिले. ते ठिपके काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही लगेच सांगितलं नाही. मी कारखान्यात दिवसभर यंत्रातून निघालेले भाग मोजून बघते, कुठला घ्यायचा आणि कुठला बाद करायचा ते ठरवते. मला ते चित्र समजावून सांगावं लागलं नाही. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. "कॅन्सर बरा करण्यासारखं काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण कावीळ उतरवता येईल. तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवू. खाज थांबेल, भूक लागेल, थोडे दिवस बरे जातील. त्याने आजार थांबणार नाही, हे मात्र लक्षात घ्या."

मी कॉरिडॉरमध्येच उभं राहून दादाला बंगळुरूला फोन लावला. तो आधी रडला आणि मग म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. खडा झालाय म्हण. खचतील गं ते." तुमच्या मुलाने तुमचंच वाक्य मला ऐकवलं होतं, फक्त अल्सरच्या जागी खडा होता.

अल्सर. हा शब्द तुम्ही आमच्या घरात आठ महिने पोसलात. मी एकोणीस वर्षांची होते, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आईला पोटात अल्सर आहे, तिखट खायचं नाही, बाकी काही नाही, असं तुम्ही मला सांगितलंत, दादाला सांगितलंत आणि तिलाही तेच सांगितलंत. डॉक्टरांना तुम्ही एकटेच भेटायचात. मावशीला माहीत होतं, पण तिला तुम्ही तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. आई बारीक होत गेली आणि जेवणावरून तिचा नन्नाचा पाढा सुरू झाला. हे नको, ते नको, वास येतो, नंतर खाते. एका संध्याकाळी मी कॉलेजातून येऊन तिच्यासाठी थालीपीठ लावलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिने एक घास मोडला आणि ताटली बाजूला सरकवली. मी दमले होते, मला भूक लागली होती आणि मला राग आला. मी म्हटलं, "नखरे पुरे झाले आता. सगळं घर तुझ्यामागे नाचतंय. खा की मुकाट्याने." तिने माझ्याकडे बघितलं आणि अर्धं थालीपीठ खाल्लं, एकेक घास पाण्याबरोबर. मग ती मोरीत गेली आणि आतून नळ मोठा सोडला. नळ कशासाठी सोडलाय हे कळण्याइतकी मी मोठी होते, पण तरीही मला वाटलं, अल्सरचा एवढा तमाशा कशाला.

त्यानंतर सहा आठवड्यांनी ती गेली. मी प्रॅक्टिकलला होते. तेराव्याला काका जेवता जेवता कोणाला तरी सांगत होते, "कॅन्सर आहे हे आठ महिने ठाऊक असून एकट्याने पेललं हो यांनी, घरात कोणाला कळू दिलं नाही." कौतुक चाललं होतं तुमचं. मी हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "तुझी परीक्षा होती." मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणालात, "आता हा विषय संपला." गणिताचं उत्तर आलं की त्याखाली तुम्ही दोन रेघा मारायला शिकवायचात, तशाच तुम्ही आईखाली मारल्यात. पुढे तेवीस वर्षं आपण आधी एका घरात राहिलो, माझ्या लग्नानंतर दर रविवारी भेटलो, चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि त्या रेघांच्या खाली मी एक अक्षर लिहिलं नाही.

म्हणून मी फोन ठेवला आणि थेट तुमच्याकडे आले. बाह्यरुग्ण विभागाबाहेर तुम्ही निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आहात, मांडीवर पेपर, शब्दकोडं अर्धं सुटलेलं. शेजारी एक बाई बाळाला झोके देतेय. नंबर पुकारले जातायत. मी तुमच्यासमोर उभी राहते, शेजारी बसत नाही, आणि मुद्दाम आवाज खाली आणत नाही. "बाबा, तुम्हाला कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा. यकृतात पसरलाय. ऑपरेशन होणार नाही. तुम्ही यातून बरे होणार नाही." पाचही वाक्यं मी कॉरिडॉरमधून येताना जुळवली होती आणि प्रत्येक वाक्यानंतर मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला ते कोसळताना बघायचं होतं. बाळाला झोके देणाऱ्या बाईने झोका थांबवला. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हळू बोल," तुम्ही म्हणालात, "त्या बाईंचं मूल जागं होईल." आणि विचारलंत, "मग डॉक्टरीणबाई करणार काय आहेत?" मी स्टेंटचं सांगितलं. तो काय करतो आणि काय करत नाही, दोन्ही सांगितलं. "म्हणजे इमारत पाडायला काढलीय," तुम्ही म्हणालात, "पण तोवर ड्रेनेज तुंबायला नको." आणि पाठ खाजवायला मागे हात नेलात, पण हात पोचेना. मी खाजवून दिली नाही.

स्टेंट दोन प्रकारचे होते. प्लॅस्टिकचा लवकर बुजतो, दोन-तीन महिन्यांत बदलावा लागतो. धातूचा जाळीचा असतो, पेनाच्या रिफिलएवढा मिटलेला आत जातो आणि नळीत जाऊन उलगडतो, तो जास्त टिकतो. "जास्त टिकणारा टाका," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं असेल, केवढी माया. मला तुम्ही जिवंत हवे होतात. तुमचं डोकं ताळ्यावर असताना, खाज नसताना, पोटात अन्न असताना मला तुमच्याकडून एक वाक्य हवं होतं. आजारी, पिवळ्या, गुंगीतल्या माणसाकडून ते घेण्यात मला रस नव्हता. मला ते शुद्धीवरच्या माणसाकडून हवं होतं. पहिली सही मी त्यासाठी केली.

काम पाऊण तासात झालं. घसा दुखतोय म्हणून दोन दिवस तुम्ही खुणांनी बोललात, तिसऱ्या दिवशी खाज थांबली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आधी कपाळ, मग छाती आणि सगळ्यात शेवटी डोळे उजळले. दवाखान्यातून मी तुम्हाला वाघोलीला आमच्याकडे आणलं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली टँकर रिकामा होताना बघत तुम्ही म्हणालात, "पुणं सोडून एवढ्या लांब राहायला आलात ते हे बघायला?" माझा नवरा हसला. तुम्हाला भूक लागायला लागली. पिठलं-भाकरी मागून खाल्लीत, वर "मीठ बेतानेच पडलंय" हेही ऐकवलंत. प्रत्येक तपासणीनंतर मी रिपोर्ट तुम्हाला वाचून दाखवायची. काही म्हणजे काही गाळायची नाही. यकृतातल्या गाठी वाढल्या हे मी तुम्हाला भाजीला काय आणू हे विचारावं तशा आवाजात सांगितलं. मला वाटत होतं, आज नाही तर उद्या तुम्ही म्हणाल, बास, मला नको सांगूस. मग मी म्हणणार होते, बघा, आता कळलं का, निदान नको म्हणायची संधी तरी तुम्हाला मिळाली.

तसं झालं नाही. तुम्हाला ते सगळं मानवलं. तुमचे जुने विद्यार्थी यायला लागले, टक्कल पडलेले, नातवंडं झालेले. तुम्ही त्यांना दिवाणावर बसवून सांगायचात, "मला कॅन्सर आहे आणि तो बरा होणार नाही. एवढं सांगून झालं. आता चहा घ्या." ते डोळे पुसायचे, तुम्ही त्यांना धीर द्यायचात, मग हसणं व्हायचं. कोणाला पुस्तकं दिलीत, कोणाला पेन. आत्याला बोलावून घेऊन अख्खी दुपार लहानपणीचं बोललात. प्रत्येकाचा निरोप तुम्ही सावकाश, नीट घेतलात. आणि मी चहाचा ट्रे घेऊन ये-जा करत ते बघत होते. मी तुम्हाला शिक्षा म्हणून जे दिलं होतं ते तुम्ही मेजवानीसारखं खात होतात. आईला यातलं काहीच मिळालं नव्हतं. तिला तिच्या बहिणीशी एक दुपार बोलायला मिळाली नाही. ती कोणाला काय देऊन गेली असती हे आजही मला माहीत नाही, कारण ती जाणार आहे हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, बँकेत अधिकारी. तुम्ही त्यांना बघितल्याबरोबर म्हणालात, "तू नववी ब. तुला मी फळ्यापाशी बोलावून थोबाडीत मारली होती. उत्तर तुझंच बरोबर होतं, माझ्या ते घरी गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर." ते गृहस्थ खाली वाकून तुमच्या पायाशी बसले आणि हमसून रडले. मी दारात उभी होते. म्हणजे तो शब्द तुम्हाला येत होता.

ते गेल्यावर मी कप उचलायच्या ऐवजी त्यांच्या जागेवर बसले.

"त्यांची माफी मागितलीत."

"चूक माझी होती."

"आणि आईच्या बाबतीत?"

तुम्ही खिडकीकडे बघितलंत. "तिने कधी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"नसतं."

"का?"

"तिच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे ते तिच्यासाठी नव्हतं. तुमच्यासाठी होतं."

"असेल."

"मग तेवढं म्हणा ना. चुकलं म्हणा."

"कोणाला म्हणू? ती नाही."

"मी आहे."

"तुझं काय गेलं त्यात?"

मग मी तुम्हाला ते थालीपीठ सांगितलं. ती ताटली, मी काय बोलले ते, तिने ते कसं संपवलं ते, तो नळ. तेवीस वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "माहीत आहे. मी बाहेरच्या खोलीत होतो. सगळं ऐकू आलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"पेपर तपासत होतो."

"मी विचारतेय, ऐकल्यावर काय केलंत?"

"तेच. पेपर तपासत राहिलो."

हे सांगताना तुमचा चेहरा कसा होता ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. लाज होती का त्यात? मला दिसली नाही. तुम्ही एखाद्या साक्षीदारासारखं खरं उत्तर दिलंत आणि थांबलात. आत येऊन तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अगं, राहू दे, तिला नाही जात. चार शब्द. मला आयुष्यभर पुरले असते. त्या दिवसापासून मी तुमच्याशी औषधापुरतं बोलायला लागले, पण तुम्हाला सोडायचं नाही हे ठरवलं. तुम्ही असे दिमाखात, सगळ्यांचे निरोप घेऊन, माझं वाक्य न देता जायचं नव्हतं.

साडेचार महिने तो स्टेंट चालला. मग एका सकाळी दाढी झाल्यावर आरसा खाली ठेवून तुम्ही मला हाक मारलीत. "ऐक. डोळे परत पिवळे व्हायला लागलेत. या वेळी नको. ती नळी परत घशातून घालायची नाही. पुष्कळ झालं, मला काही कमी पडलं नाही. डॉक्टरीणबाईंना तू सांग, मला त्यांच्याशी वाद घालायला लावू नकोस." मी म्हटलं, "बरं." तुम्ही मान हलवलीत आणि टॉवेलने गाल पुसलात. सगळं स्पष्ट होतं. शब्दांच्या बाबतीत तुम्ही कधी संदिग्ध नव्हतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला हुडहुडी भरली. पलंग हलत होता. ताप मोजेपर्यंत तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, मला वर्गातल्या कोणाच्या तरी नावाने हाक मारलीत. नगर रस्त्यावरच्या गर्दीतून रुग्णवाहिका कशी गेली ते मला आठवत नाही. स्टेंट आतून बुजला होता, साठलेल्या पित्तात जंतू शिरले होते. डॉक्टर बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. "परत दुर्बिणीने आत जाऊन जुन्या स्टेंटमधून नवा घालता येईल. पण खरं सांगते, या वेळी पहिल्यासारखा फरक पडेलच असं नाही. काही जण इथे थांबतात. मग आम्ही ताप आणि त्रास कमी राहील एवढंच बघतो, तेही उपचारच असतात. काका स्वतः सांगायच्या अवस्थेत नाहीत. त्यांचं काही म्हणणं होतं का? तुमच्याजवळ कधी बोलले होते का?"

एवढं सरळ विचारलं त्यांनी. आदल्या सकाळचा तुमचा आवाज माझ्या कानात ताजा होता.

"नाही," मी म्हटलं. "काही बोलले नव्हते. तुम्ही करा."

आणि दुसरी सही केली. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

दोन दिवसांनी तुमचा ताप उतरला आणि तुम्ही शुद्धीवर आलात. घसा बसलेला. माझ्याकडे बघून म्हणालात, "मी नको म्हणालो होतो."

"हो."

"डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"तुम्हीही नव्हतं सांगितलं. आईला."

तुम्ही माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिलात की नर्स येऊन सलाईन बदलून गेली तरी तुमची नजर तशीच होती. मग तुम्ही म्हणालात, "बरं." बस एवढंच. मी खुर्ची जवळ ओढून बसले. आता येईल, मला वाटलं, आता आणखी कुठे जाणार.

त्यानंतर तुम्ही एकोणीस दिवस जगलात, बहुतेक आमच्या घरी, आणि ते दिवस वाईट होते. ते मी तुम्हाला दिले, म्हणून सांगते. कावीळ अर्धीमुर्धी उतरली, भूक परत आलीच नाही. पोटात पाणी झालं, पाय सुजले. कोणाला येऊ देऊ नकोस म्हणालात, मी येऊ दिलं नाही. रोज दुपारी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी तुमच्यासमोर बसायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात. मी वाट बघायची. एकदा तुमचे ओठ हलले, मी वाकून कान तुमच्या तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "पंखा कमी कर." एका सकाळी दहाच्या सुमाराला टँकर आला नाही म्हणून मी खाली वॉचमनशी बोलायला गेले, तेवढ्या पंधरा मिनिटांत तुम्ही गेलात. नवरा जवळ होता. काही बोलले का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही, श्वास लागला होता तो थांबला.

तेराव्याला मावशी आली. वय झालेलं, काठी घेऊन चार जिने चढून आली. तुम्ही गप्प राहायला सांगितलेले ते आठ महिने तिने स्वतःला कधी माफ केले नव्हते. सगळे जेवून उठल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "शेवटी काही बोलले का गं? माझ्या ताईबद्दल?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तिला नाही म्हणवेना. आणि नुसतं तेवढंही नव्हतं. मी म्हटलं, "हो. म्हणाले, तिला सांगायला हवं होतं, माझं चुकलं. हात जोडले त्यांनी." मावशी तिथेच भिंतीला टेकून रडली. संध्याकाळपर्यंत ते घरभर झालं, आठवड्यात सगळ्या नातेवाइकांत. आता दादाची मुलंसुद्धा सांगतात, आजोबांनी शेवटी आजीची माफी मागितली. हयातभर तुम्ही कोणाला तुमच्या वाक्यातली वेलांटी बदलू दिली नाहीत आणि तुमच्या तोंडचं शेवटचं वाक्य मी लिहिलं. तुम्ही ते पुसू शकत नाही. हे मनात आलं की मला आजही बरं वाटतं.

या वर्षी तुमचे विद्यार्थी तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढतायत. शेवटच्या दिवसांबद्दल एक पान माझं हवंय. दादा म्हणाला, "ते माफीचं नक्की लिही, लोकांना कळू दे बाबा काय माणूस होते." गेल्या आठवड्यात लिहून दिलं. नीट बेतून लिहिलंय, तुम्ही असतात तर कुठे खूण केली नसतीत. त्यानंतर जे उरलं ते हे. हे घरात ठेवता येणार नाही, कोणाच्या हाती लागलं तर मावशीपर्यंत जाईल आणि ती अजून आहे. लिहून झालं की फाडून टाकणार आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करते. मध्ये दादा विचारत होता, बाबांचा आवाज आठवतो का गं तुला. मी बराच वेळ प्रयत्न केला. तुमचे टोमणे आठवतात, पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुमचा खरा आवाज, तो घशातून खरवडत येणारा, आता मला एकाच वाक्यात ऐकू येतो, आणि ते वाक्य तुम्ही कधी बोललाच नाहीत.